शिडी पुरली नाही

दिवस पहिला, बुधवार: हेल्सवर्थ आणि ब्लायबरा

लेक इंग्लंडात, इप्सविचला राहते. तिच्याकडे येऊन महिना झाला आणि माझे हात शिवशिवायला लागले. घरातली कुरकुरणारी दारं, कपाटाच्या बिजागऱ्या, एक डुगडुगतं स्टूल, सगळं नीट करून झालं होतं. आयटीआयमध्ये २८ वर्षं सुतारकाम शिकवलेल्या माणसाला रिकामं बसवलं की तो शेजाऱ्यांच्या कुंपणाकडेही वाईट नजरेनं बघायला लागतो. शेवटी लेकच म्हणाली, "बाबा, तुम्ही आणि आई चार दिवस किनाऱ्याकडे जाऊन या. तिथल्या खेड्यांतली चर्च बघा. जुनं लाकूडच बघायचंय ना तुम्हाला?" ही लगेच म्हणाली, "चार दिवस नुसती चर्चच?" पण समुद्र जवळ आहे म्हटल्यावर तयार झाली.

इप्सविचहून गाडीनं तासाभरात हेल्सवर्थ येतं. खोलीवर बॅगा टाकल्या आणि बसनं ब्लायबरा गाठलं. लिहिताना ब्लिथबर्ग वाटेल असं नाव, म्हणतात ब्लायबरा. गावाच्या अलीकडे नदीचं पात्र पसरून दलदल झालीय. भरतीचं राखाडी पाणी, लव्हाळी, चिखलात एका पायावर उभे पक्षी, आणि पलीकडच्या टेकाडावर हे चर्च. गाव जेमतेम तीनचारशे वस्तीचं, आणि चर्च १२७ फूट लांब. लोक त्याला 'दलदलीतलं कॅथीड्रल' म्हणतात, पण कॅथीड्रल म्हणजे बिशपची गादी, आणि इथे तसं काही नाही. हे साधं पॅरिश चर्च, म्हणजे गावकीचं. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीत येणारं गाव, शिवार आणि त्यातली माणसं. इंग्लंडात ग्रामपंचायतीलाही अजून पॅरिश कौन्सिलच म्हणतात.

एवढ्याशा गावाला एवढं मोठं चर्च कसं? तर गाव तेव्हा एवढंसं नव्हतं. ब्लाय नदीतून गलबतं थेट इथवर यायची. इथे एक मठ होता, त्या मठवाल्यांना १४१२ मध्ये चर्च नव्यानं बांधायची परवानगी मिळाली आणि पुढच्या काही दशकांत हे उभं राहिलं. मनोरा तेवढा आधीचा. मग जहाजं मोठी झाली, नदी गाळानं भरली, आठव्या हेन्रीच्या काळात, १५३७ मध्ये, मठही बंद झाला. गाव आटत गेलं, चर्च होतं तेवढंच राहिलं.

बाहेरून आधी एक फेरी मारली. या सफोक परगण्यात बांधायला धड दगड नाही. आहे तो चकमकीचा दगड, शेतात सापडणारा, बटाट्यासारखा वेडावाकडा. तो फोडला की आतून काळा आणि काचेसारखा चकाकतो. मग घडीव दगड बाहेरून, होडीनं आणायचा, त्याची पांढरी अक्षरं आणि कमानी घडवायच्या आणि मधल्या जागा फोडलेल्या काळ्या चकमकीनं भरायच्या, दोन्ही अगदी एका पातळीत. आपल्याकडे सागवानात शिसवीची पट्टी बसवतात ना, तसंच हे, फक्त दगडात. पूर्वेच्या खिडकीखाली अशी मुकुट घातलेली अक्षरांची रांगच आहे. प्रत्येक अक्षर म्हणजे एका लॅटिन शब्दाची सुरुवात, असं मानून लोक त्याचा अर्थ लावत बसतात. मी मात्र सांधा बघत बसलो. सहाशे वर्षं होत आली, आणि नख जाईना.

आत पाऊल टाकलं आणि ही म्हणाली, "अगंबाई, केवढा उजेड!" खरंच. चर्च म्हटलं की रंगीत काचा आणि अंधार असं डोक्यात असतं. इथे रंगीत काच जवळपास नाहीच. सभामंडपाच्या वरच्या अंगाला, एकेका बाजूला १८ अशा खिडक्यांच्या रांगा आहेत आणि साध्या काचेतून ऊन सरळ खालच्या विटांच्या जमिनीवर येतं. भिंती पांढऱ्या. ओकचं लाकूड जुनं होत होत चांदीसारखं करडं झालेलं.

मान वर केली ती बराच वेळ खाली आली नाही.

छप्पर उतरतं नाही, जवळजवळ सपाट आहे. आडव्या तुळया मधे किंचित उचललेल्या, त्यांवर कडीपाटासारखे वासे. सगळं रंगवलेलं: पांढरट पार्श्वभूमीवर तांबडी आणि हिरवी फुलं, मधे येशूच्या नावाची अक्षरं. हा रंग मूळचा, पंधराव्या शतकातला. फिका पडलाय, पण पुन्हा कुणी हात फिरवलेला नाही, हे रंगाच्या कडा बघूनच कळतं. आणि तुळयांच्या मध्यावर पाठीला पाठ लावून दोन-दोन देवदूत, एकाचं तोंड पूर्वेला, एकाचं पश्चिमेला, पंख दोन्हीकडे पसरलेले. खालून बघितलं तर वाटतं, तुळई यांनीच तोलून धरलीय.

मला एकच गोष्ट बघायची होती. पंख अंगातूनच कोरलेत की वेगळे करून कूस, म्हणजे खाचेत घुसणारं टोक, घालून बसवलेत? एवढा पसरलेला पंख एका ओंडक्यातून काढायचा तर निम्म्याहून जास्त लाकूड वाया जाणार, आणि पंखात लाकडाचा दोरा, म्हणजे तंतूंची रेघ, आडवा आला की तो मोडणार. मी सुतार म्हणून पैजेवर सांगेन की वेगळे असणार. पण खालून दिसेना. दुर्बीण लेकीच्या घरी.

आता हे देवदूत राहिले कसे, ती गोष्ट. १६४३ मध्ये, राजा आणि पार्लमेंट यांची लढाई चालू असताना, पार्लमेंटनं चर्चमधली 'मूर्तिपूजेची' निशाणं काढून टाकायचा हुकूम काढला. या भागात ते काम विल्यम डाउसिंगकडे आलं. याच सफोकमधल्या लॅक्सफील्डचा माणूस. केंब्रिजशायर आणि सफोक मिळून अडीचशेहून जास्त चर्च त्यानं पालथी घातली, आणि कुठे किती फोडलं याची रोजनिशी ठेवली. दर चर्चमागे फी ६ शिलिंग ८ पेन्स, तीही ज्याचं फोडायचं त्याच गावाकडून वसूल. एप्रिल १६४४ मध्ये तो इथे आला. रोजनिशीत नोंद आहे: २० करूब, म्हणजे हेच देवदूत, उतरवायचे, आणि २०० च्या वर चित्रं आठ दिवसांत काढून टाकायची.

खिडक्यांतल्या काचा गेल्या. फरशीत बसवलेल्या पितळी पट्ट्या उपटल्या, त्यांचे खळगे दिसतात. बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडावरची शिल्पं तासून सपाट केलेली आहेत. आणि करूब? त्यांतले बरेच अजून वरच. का, ते कुठे लिहिलेलं नाही, पण ते छप्पर खालून एकदा बघितलं की मला तरी शंका राहत नाही. तिथे पोचायचं तर मजबूत परांची बांधायला हवी, चार गडी हवेत, आठवडा हवा. फोडायलाही खर्च येतो. ६ शिलिंग ८ पेन्समध्ये ते कसं बसवणार? डाउसिंगनं हुकूम दिला आणि तो पुढच्या गावाला गेला. गावानं हो म्हटलं असेल आणि शिडी शोधायला कुणी गेलं नसेल. सरकारी काम मी २८ वर्षं जवळून पाहिलंय.

दुरुस्तीच्या वेळी या देवदूतांच्या अंगात शिशाचे छर्रे सापडले. वर्षानुवर्षं लोक सांगत आले की डाउसिंगच्या माणसांनी हात पोचेना म्हणून बंदुका झाडल्या. छर्रे निघाले अठराव्या शतकातले. चर्चच्या हिशेबवहीत १७६१ मध्ये बंदुकीची दारू आणि छर्रे यांचा खर्च पडलाय, आत घरटी करणारे जॅकडॉ, म्हणजे कावळ्याचेच भाऊबंद, मारण्यासाठी. म्हणजे देवदूतांना गोळ्या लागल्या त्या गावकऱ्यांच्याच, आणि त्याही कावळ्यांवर झाडलेल्या.

ही तोपर्यंत बाकांच्या टोकांवरच्या मूर्ती बघत होती. ओकच्या जाड फळीच्या वरच्या टोकाला वीतभर उंचीची माणसं कोरलीत: सात पापं, पुण्याची कामं, शेतीचे हंगाम. आळस अंथरुणात पडलाय, पांघरूण ओढून. लोभ पैशाच्या पेटीवर बसलाय. दारुडा खोड्यात अडकलाय. हिला सगळ्यांत आवडला तो प्रार्थनेला हात जोडलेला ढोंगी, ज्याचे डोळे टक्क उघडे आहेत. मी आळसाच्या पांघरुणावरून अंगठा फिरवला. चुण्या पटाशीनं काढलेल्या, पण त्यांवर सहाशे वर्षांच्या हातांचा रंधा फिरलाय. गुळगुळीत, थोडं तेलकट. ओकला असं बोटांखाली मऊ होताना मी पहिल्यांदाच पाहिलं. या मूर्ती मात्र हाताच्या अंतरावर असून वाचल्या, कारण त्यांत संत नव्हते. पाप्यांना कुणी मूर्ती समजलं नाही.

गाभाऱ्यातले बाक आणखी मजेचे. सतराव्या शतकात इथे शाळा भरायची. मेजांना दौतीसाठी भोकं पाडलेली आहेत आणि एका पोरानं चाकूनं कोरून ठेवलंय: डिर्क लोवरसेन व्हान स्टॉकहोम, १६६५, वय १२. अक्षर चांगलं आहे. आमच्या वर्कशॉपात असं कुणी बेंचवर कोरलं की मी बाहेर उभा करायचो. या पोराला साडेतीनशे वर्षांनी मी मनातल्या मनात पास केलं.

परतीची बस आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. पुढची पाऊण तासानं. हिनं पिशवीतून चिवडा काढला आणि थांब्यावर बसून सांगितलं की सातव्या शतकातला एक राजा लढाईत मारला गेला आणि इथेच पुरला, असं तिनं आत वाचलं. नाव ॲना.

"राजाचं नाव ॲना?"

"अहो, अण्णा असेल. आपल्या गल्लीत चार आहेत."

दिवस दुसरा, गुरुवार: वेनस्टन

सकाळपासून पाऊस. हेल्सवर्थपासून वेनस्टन तीन मैल, चालत जायचं ठरवलं होतं, अर्ध्या वाटेत टॅक्सी बोलावली. टॅक्सीवाल्यानं विचारलं, "डूम बघायला?" इथे दुसरं काही बघायला येतच नसावेत.

सेंट पीटरचं हे चर्च लहान, बाहेरून कुणी वळून बघणार नाही असं. पण आत भिंतीला लागून एक ओकच्या फळ्यांचा पडदा आहे, १७ फूट रुंद, त्यावर शेवटच्या न्यायाचं चित्र, पंधराव्या शतकाच्या शेवटाकडचं. अशा चित्राला इंग्रजीत डूम म्हणतात. सभामंडप आणि गाभारा यांच्यामधल्या कमानीत ते बसवलेलं असायचं, म्हणजे प्रार्थनेला बसलेल्या गावकऱ्यांच्या अगदी समोर. पळायला जागा नाही.

चित्रात वर ख्रिस्त इंद्रधनुष्यावर बसलाय. खाली कबरींतून माणसं उठतायत. एका बाजूला सेंट पीटर पुण्यवानांचं स्वागत करतो, तिथे राजा, बिशप आणि कार्डिनल उभे आहेत. सगळे उघडे, अंगावर सूत नाही, पण डोक्यावर मुकुट आणि टोप्या तशाच. नाहीतर कोण राजा आणि कोण बिशप कसं कळणार? मधे देवदूत मिखाएल तराजू घेऊन आत्म्यांचं वजन करतोय आणि समोर सैतान वाद घालतोय. ही म्हणाली, "चित्रगुप्ताकडे निदान वही असते, इथे काटा." उजवीकडे नरक म्हणजे मोठ्या माशाचा उघडा जबडा, आणि पापी साखळीनं बांधून आत ओढले जातायत. चित्रकार काही मोठा नव्हता. हातापायांचं प्रमाण चुकलंय, चेहरे सगळे एकसारखे. पण त्या माशाचं नाक त्यानं मन लावून काढलंय.

चित्राच्या मधोमध तीन रिकाम्या आकृती आहेत, नुसत्या सावल्या: एक क्रूस आणि दोन्ही बाजूंना दोन उभी माणसं. तिथे लाकडात कोरलेला ख्रिस्त, मरिया आणि योहान ठोकलेले होते. चित्र त्यांच्या भोवतीनं रंगवलं, आणि मूर्ती काढून टाकल्यावर न रंगवलेलं लाकूड उघडं पडलं. सुताराच्या डोळ्यांना या सावल्याच जास्त बोलल्या. काम कोणत्या क्रमानं झालं ते लख्ख दिसतं: आधी फळ्या, मग मूर्ती, शेवटी रंगारी.

सोळाव्या शतकात देश कॅथलिकचा प्रॉटेस्टंट झाला, मूर्ती उतरल्या आणि चित्रावर चुना फासला. चुन्यावर बायबलातलं वचन रंगवलं, रोमकरांच्या पत्राच्या १३ व्या अध्यायातलं: प्रत्येकानं वरच्या अधिकाऱ्यांच्या अधीन राहावं. नरकाच्या भीतीची जागा सरकारच्या भीतीनं घेतली म्हणायची.

पुढे फळ्यांखाली काय आहे हे गाव पार विसरलं. १८९२ मध्ये दुरुस्ती निघाली, मजुरांनी त्या पांढऱ्या फळ्या काढून बाहेर कबरींमधे रचल्या, जाळून टाकायला. रात्री पाऊस आला. सकाळी बघतात तो चुना धुऊन गेलेला आणि फळ्यांवरून सैतान डोळे वटारून बघतोय.

मी ही गोष्ट हिला सांगत असताना बाहेर तसाच पाऊस लागला होता. चुना म्हणजे गरिबाचा रंग, दोन पैशांत भिंत पांढरी होते. चित्र खरवडून काढायचं तर माणूस लावावा लागतो, मजुरी द्यावी लागते. इथे गावानं स्वस्तातला मार्ग धरला, आणि त्या चुन्यानंच तीनशे वर्षं चित्र झाकून सांभाळलं. एका गोष्टीत मात्र नशीबच म्हणायचं: पाऊस एक दिवस उशिरा पडला असता तर जाळून झालं असतं.

आपल्याकडे उलटी तऱ्हा. जुना वाडा पाडायला घेणारा मालकाला वर पैसे देतो, कारण आतलं सागवान विकलं जातं. माझ्या आजोबांनी घडवलेल्या एका चौकटीला मी कोल्हापुरातल्या भंगारवाल्याच्या दुकानात ओळखलं होतं. हा विषय हिला सारखा ऐकून पाठ झालाय, म्हणून इथेच थांबतो.

दिवस तिसरा, शुक्रवार: साउथवोल्ड, वॉल्बर्सविक

साउथवोल्ड हे सुट्टीत यायचं गाव. समुद्र, रंगीत लाकडी खोल्या, दीपगृह, माशांचा वास. हिनं दोन तास वाळूत घालवले, मी एक तास सेंट एडमंडच्या चर्चमधे. मोठं, देखणं, आणि मला वाटतं थोडं जास्तच झाडलंपुसलेलं. तिथला एकच गडी लक्षात राहिला: साउथवोल्ड जॅक. चिलखत घातलेला लाकडी शिपाई, पंधराव्या शतकातला, दोरी ओढली की हातातल्या कुऱ्हाडीनं घंटेवर टोला देतो. दाढीचे खुंट वाढलेले, डोळे लाल. रात्रपाळी करून आल्यासारखा. तिथल्या रंगवलेल्या लाकडी पडद्यावर प्रेषितांची रांग आहे. कपडे, सोनेरी नक्षी शाबूत, चेहरे मात्र खरवडलेले. हे हाताच्या उंचीवर होते.

दुपारी नदी ओलांडून वॉल्बर्सविकला. पूल लांब पडतो, म्हणून वल्ह्यांच्या होडीनं जायचं. होडीत आम्ही दोघं, एक सायकल आणि दोन कुत्री.

वॉल्बर्सविकचं सेंट अँड्र्यू बघून पहिल्यांदा वाटतं की इथे बॉम्ब पडला. उंच मनोरा उभा, मोठ्या खिडक्यांच्या कमानी आकाशात रिकाम्या, आणि त्या सांगाड्याच्या एका कोपऱ्यात बेतानं बसवलेलं लहानसं चर्च. पण बॉम्ब नाही, कर्जबाजारी गाव. पंधराव्या शतकात मासेमारीत पैसा होता तेव्हा बांधलं, तो धंदा बसल्यावर छप्पर सांभाळणं झेपेना. १६९५ मध्ये गावानं परवानगी मागितली, बहुतेक भाग उतरवून विकला आणि एका बाजूच्या ओवरीएवढं चर्च ठेवलं. शेतकरी दहा खणांच्या घरातले दोन खण शाकारतो आणि बाकीच्यांवरचे पत्रे काढतो, तसं.

या मनोऱ्याचा करारनामा अजून आहे, १४२६ चा. रिचर्ड रसेल आणि ॲडम पाउल हे दोन गवंडी. मजुरी बांधकामाच्या दर यार्डाला ४० शिलिंग, वर दरसाल हेरिंग माशांचं एक पिंप आणि एकदा अंगरखा. ही म्हणाली, "म्हणजे बलुतंच की." दगड, चुना, वाळू, पाणी आणि परांची गावानं पुरवायची, आणि गवंड्यांना राहायला-जेवायला घरही. काम करायचं ते २५ मार्च ते २९ सप्टेंबर एवढ्यातच. चुन्याला थंडी सोसत नाही, ओला चुना गोठला की सांधा फुगून फुटतो. आणि नकाशा? नकाशा नाही. भिंती टन्स्टलच्या मनोऱ्यासारख्या, पश्चिमेचा दरवाजा हेल्सवर्थच्या दरवाजाइतका चांगला, बस. गिऱ्हाईक आजही असंच सांगतं, "त्या पाटलांच्या घरी केलंय ना तसं करा."

तेव्हा हेल्सवर्थला परत पोचल्यावर जेवायच्या आधी तिथल्या चर्चच्या पश्चिम दरवाजाशी जाणं भागच होतं. अंधार पडलेला. मोबाइलच्या उजेडात मी दगडी चौकटीवरून हात फिरवत होतो आणि कुत्रा फिरवायला आलेला एक माणूस थोडं लांबूनच "गुड इव्हनिंग" म्हणाला. आवाजावरून काही तो इव्हनिंग गुड समजत नव्हता. रसेल आणि पाउल पाच-सहाशे वर्षांपूर्वी याच दरवाजापुढे उभे राहून मापं घेऊन गेले असतील, हे त्याला इंग्रजीत कसं सांगणार? मीही "गुड इव्हनिंग" म्हटलं.

दिवस चौथा, शनिवार: कोव्हहाइथ, डनिच, पुन्हा ब्लायबरा

लेक गाडी घेऊन आली. येताना दुर्बीण आणि पिठलं-भाकरी.

कोव्हहाइथला सेंट अँड्र्यूचं प्रचंड चर्च उघडं पडलंय. भिंतींना गवत, खिडक्यांतून कबुतरं. आणि त्याच्या पोटात, मनोऱ्याला टेकून, गवतानं शाकारलेलं एक छोटं चर्च, १६७२ चं. अजून वापरात आहे. आपली झोपडी देवळाच्या भग्न सभामंडपात बांधावी, हुबेहूब तसं. इथे डाउसिंगनं २०० चित्रं फोडल्याची नोंद आहे, म्हणजे काचा किती असतील बघा. मनोरा मात्र पाडला नाही, गलबतांना समुद्रावरून खूण म्हणून लागत होता. चर्चपासून थोडं पुढे गेलो तर रस्ता चक्क हवेत संपतो. डांबर तुटलंय आणि खाली समुद्र. कडा दरवर्षी ढासळत आत येतोय.

तो कुठवर येऊ शकतो ते डनिचला कळतं. १०८६ च्या सरकारी जमीन-मोजणीच्या वेळी हे पूर्व किनाऱ्यावरचं मोठं शहर होतं. १२८६ आणि १३२८ च्या वादळांनी बंदर बुजवलं, आणि मग समुद्रानं शहर थोडं थोडं करून खाल्लं, चर्चसकट. शेवटचं ऑल सेंट्स १९०४ ते १९१९ च्या दरम्यान तुकड्या-तुकड्यांनी कड्यावरून पडलं. बहुतेक शहर पाण्यात गेलेलं असतानाही १८३२ पर्यंत डनिच पार्लमेंटात दोन खासदार पाठवत होतं. लेक म्हणाली, "बाबा, मतदार मासे असतील." आजच्या सेंट जेम्स चर्चच्या आवारात ऑल सेंट्सचा एक टेकूचा खांब आणून उभा केलाय, कड्यावरून पडायच्या आधी वाचवलेला. चकमक तीच, सांधा तोच. बाजूला कुणी नाही. आम्ही त्याच्या आडोशाला बसून भाकरी खाल्ली, वारं फार होतं.

परतताना मी ब्लायबराला गाडी थांबवायला लावली. बुधवारी उत्तरेचं दार बघायचं राहिलं होतं, आणि पंख.

उद्या पिकांच्या आभाराची प्रार्थना होती. बाकांवर भोपळे, सफरचंदं, गव्हाच्या पेंढ्या, आणि डब्यातले वाटाणेही. तीन बायका फुलं लावत होत्या, त्यांतली एक पाच पायऱ्यांच्या शिडीवर. शिडी डुगडुगत होती. माझ्यानं बघवेना, मी जाऊन पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. त्या बाईनं वरूनच आभार मानले आणि विचारलं, दार बघितलंत का?

१५७७ च्या ४ ऑगस्टला, रविवारी सकाळी, प्रार्थना चालू असताना वादळ आलं. मनोऱ्यावरचं निमुळतं शिखर छप्पर फोडून आत कोसळलं, एक माणूस आणि एक पोरगा जागीच गेला. तेच वादळ बंगे गावावरही गेलं आणि तिथल्या चर्चमधे लोकांनी काळा कुत्रा पाहिल्याचं छापून आलं. तोच इथेही आला, आणि जाताना त्याची जळती नखं उत्तरेच्या दारावर उमटली, असं सांगतात. दारावर काळपट जळके डाग आहेत खरे, बोटभर लांब. मी वाकून बघितले. खाली रुंद, वर निमुळते होत गेलेले, थेंबासारखे. मेणबत्ती लाकडाजवळ स्थिर धरली की असाच डाग पडतो, देवघराच्या फळीला समईनं पडतो तसा. इंग्लंडात जुन्या लाकडावर असे डाग खूप सापडतात, आणि घराला आग-वीज लागू नये म्हणून मुद्दाम दिलेले असावेत असं अभ्यासक म्हणतात. मला ते पटलं. लेकीला कुत्रा हवा होता.

त्या बाईनंच सांगितलं की १८८१ मध्ये हे चर्च धोकादायक म्हणून बंद केलं होतं. त्याआधी प्रार्थनेला लोक छत्र्या उघडून बसायचे. दुरुस्ती कशी करायची यावर भांडण पेटलं. कवी आणि कारागीर विल्यम मॉरिसनं चारच वर्षांपूर्वी जुन्या इमारती वाचवणाऱ्यांची संस्था काढली होती, तिचं म्हणणं, डागडुजी करा, नवं काही बसवू नका. व्हिकारला, म्हणजे इथल्या धर्मगुरूला, चर्च चकचकीत हवं होतं. पत्रं गेली, पत्रं आली, मनं कडवट झाली, आणि निधी काही जमेना. छप्पर सांधून १८८४ मध्ये चर्च उघडलं. सुटलं म्हणायचं. त्या काळी पैसेवाल्या गावांनी जुनी छपरं उतरवून नवी चढवली, रंग खरवडून वॉर्निश मारलं. इथल्या व्हिकारच्या हातात तेवढी रक्कम पडली असती तर ती फिकी तांबडी फुलं आज नसती.

उन्हं कलली होती. पश्चिमेच्या खिडकीतून आलेला पट्टा बरोबर तिसऱ्या तुळईवर पडला होता. मी बाकावर उताणा झालो, आळसाच्या शेजारीच, आणि दुर्बीण लावली. खांद्यापाशी एक सरळ, बारीक काळी रेघ. सांधा. कूस आत गेलेली, बाजूला खुंटीचं गोल डोकंही दिसल्यासारखं वाटलं.

"बघ, मी म्हटलं नव्हतं? वेगळे बसवलेत."

हिनं दुर्बीण घेतली, चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं.

"सावली आहे हो ती," ती म्हणाली.